व्हॅम्पायरचे जुने सिनेमे: कुठून सुरुवात करायची, काय बघायचं

मागच्या पावसाळ्यात माझ्या भाचीने विचारलं, "मावशी, व्हॅम्पायरचे खरंच चांगले सिनेमे कुठले गं? सगळ्यांना माहीत असलेले नकोत." ती इथेच, बडोद्यात फाइन आर्ट्सला शिकते. मी तिला आणि तिच्या चार मैत्रिणींना दांडिया बाजारातल्या आमच्या घरी बोलावलं आणि थेट १९२२ सालचा मूकपट 'नोस्फेरातू' लावला. नेटवर जी प्रत आधी सापडली तीच लावली. त्या प्रतीत माणसं तुरुतुरु पळत होती. रात्रीच्या अंधारात शवपेटी उचलून निघालेला त्यातला व्हॅम्पायर, काउंट ऑर्लोक, लख्ख उन्हात रस्त्याने चालल्यासारखा दिसत होता. पोरी हसल्या, मग एकेक करून मोबाइल निघाले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. चुकीची प्रत आणि चुकीचा क्रम, दोन्ही मी निवडले होते.

त्यानंतर आम्ही नव्याने सुरुवात केली, दर शनिवारी एक सिनेमा. नवरात्र येईपर्यंत बारा-तेरा बघून झाले. आधी कुठला, नंतर कुठला, प्रत कशी निवडायची, बघताना लक्ष कशावर ठेवायचं हे त्यातून ठरत गेलं, ते इथे क्रमाने लिहिते. भयपट आवडतात, पण व्हॅम्पायर म्हटलं की काळा झगा आणि दोन सुळे एवढंच डोळ्यांसमोर येतं, अशांसाठी हे आहे.

आधी एक वही करा

भुताने काय करावं याला सिनेमात फारशी सीमा नसते. व्हॅम्पायर मात्र नियमांनी बांधलेला असतो. त्याला ऊन चालत नाही, तो आरशात दिसत नाही, लसूण सोसत नाही, कुणी 'ये' म्हटल्याशिवाय घरात शिरता येत नाही. प्रत्येक दिग्दर्शक यातले काही नियम ठेवतो, काही सोडून देतो, एखादा नवा घालतो. सिनेमाला काय म्हणायचंय ते बहुतेक वेळा त्या बदललेल्या नियमातच सापडतं. म्हणून वहीत प्रत्येक सिनेमाला एक पान द्या आणि दोनच गोष्टी लिहा: कुठला नियम पाळला आणि कुठला मोडला.

नियम आले कुठून हेही थोडं माहीत हवं. आरशाचा, लसणाचा आणि आमंत्रणाचा नियम ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' या १८९७ च्या कादंबरीत आहेत. उन्हाचा नियम त्यात नाही. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनच्या रस्त्यावर फिरतो, दिवसा त्याची शक्ती फक्त कमी होते. त्याचा शेवटही छातीत लाकडी खुंटी ठोकून होत नाही. एकाच्या हातातली कुकरी त्याच्या गळ्यावर चालते आणि दुसऱ्याचा सुरा छातीत घुसतो. ती कुकरी आपल्या गुरख्यांची, हे वाचलं तेव्हा मी पान परत उलटून पाहिलं होतं.

आणखी एक गोंधळ सुरुवातीलाच मिटवा. रिचर्ड बर्टनने १८७० साली वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा पुस्तकाच्या नावातच वेताळाला व्हॅम्पायर करून टाकलं. आपला वेताळ झाडाला लटकतो, प्रेतात शिरतो, विक्रमाला कोडी घालतो; रक्त पिणं हे त्याचं काम नव्हे. कोकणात आणि गोव्यात तर तो गावाचा राखणदार देव आहे. त्याला या यादीत ओढू नका.

आपल्या घरातली एक गोष्ट मात्र फार उपयोगी पडते. माझी आजी सांगायची, रात्री दाराबाहेरून कुणी नावाने हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. तिसरी हाक आली तरच माणूस समजायचं. दार, उंबरठा, हाक आणि आतून दिलेला होकार, व्हॅम्पायरच्या सिनेमांचा अर्धा जीव यातच असतो.

पहिला सिनेमा नव्या काळातला घ्या

जुने सिनेमे बघायचे असले तरी सुरुवात २००८ च्या 'लेट द राइट वन इन' या स्वीडिश सिनेमाने करा. दिग्दर्शक तोमास आल्फ्रेडसन. गोष्ट १९८०च्या दशकातली, स्टॉकहोमच्या ब्लाकेबेर्ग या उपनगरातली. चाळीसारख्या एकसारख्या इमारती, खाली बर्फ, आणि शाळेत रोज मार खाणारा बारा वर्षांचा ऑस्कर. शेजारच्या घरात एली राहायला येते. ती थंडीत अनवाणी फिरते आणि ऑस्करला पहिल्याच भेटीत सांगते की आपली मैत्री होऊ शकत नाही.

आमंत्रणाचा नियम सगळ्यांना ऐकून माहीत असतो. पण तो मोडला तर काय होतं, हे कुणी दाखवत नाही. इथे दाखवलंय. ऑस्कर दारात उभ्या असलेल्या एलीला 'आत ये' म्हणत नाही, नुसता हाताने इशारा करत राहतो, काहीशा खोडसाळपणे. ती न बोलावता आत येते, खोलीच्या मध्ये उभी राहते आणि तिच्या अंगातून रक्त झिरपायला लागतं. तो धावत जाऊन तिला मिठी मारतो आणि ओरडून सांगतो की तू येऊ शकतेस. भाची त्या ठिकाणी काही बोलली नाही; सिनेमा संपल्यावर वहीत तिने तेवढंच एक दृश्य लिहिलं. नियम म्हणजे कथेतली सोय नसते, दोन माणसांमधला विश्वास त्यावर तोलता येतो, हे या एका प्रसंगातून कळतं. पुढच्या सगळ्या सिनेमांकडे मग डोळे उघडे ठेवून बघता येतं.

इथे सबटायटल्स तपासून घ्या. अमेरिकेत या सिनेमाची डीव्हीडी निघाली तेव्हा तिच्यातली इंग्रजी सबटायटल्स इतकी सपाट केली होती की प्रेक्षकांनी तक्रारी केल्या आणि मग थिएटरमधली सबटायटल्स परत घालावी लागली. संवाद तुटक, कोरडे वाटले तर दुसरी प्रत शोधा. इंग्रजीत डब केलेली तर नकोच. एलीचा तो जड, थकलेला आवाज निम्मी गोष्ट सांगतो.

लावण्याआधी तीन गोष्टी

एक, लांबी. एकाच सिनेमाच्या दोन प्रतींमध्ये पंधरा-वीस मिनिटांचा फरक दिसला तर एक कापलेली आहे किंवा जास्त वेगाने चालवलेली आहे असं समजा आणि आधी चौकशी करा.

दोन, भाषा. शक्य तिथे मूळ भाषेतला आवाज ठेवा आणि सबटायटल्स वाचा.

तीन, खोली. या सिनेमांमध्ये भीती बहुतेक वेळा काळ्या भागात लपलेली असते. टीव्हीवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडत असेल तर तो काळा भाग राखाडी होतो आणि भीती तिथेच विरते. आम्ही माळ्यावरच्या खोलीत खिडकीला जुनी सोलापुरी चादर लावतो आणि सेव-उसळ आधी खाली खाऊन घेतो, वर काही नेत नाही. नवरात्राचे नऊ दिवस सुट्टी ठेवा. गल्लीगल्लीत गरबा चालू असताना शांततेवर उभे असलेले सिनेमे बघू नयेत. उत्तरायणाच्या आदल्या रात्रीही तेच. पावसाळा सगळ्यांत चांगला.

दुसरा आणि तिसरा: झग्यातला ड्रॅक्युला

त्याला टाळू नका, पण त्याच्यापाशी फार दिवस थांबूही नका. इंग्लंडच्या हॅमर कंपनीचा १९५८ चा रंगीत 'ड्रॅक्युला' आधी घ्या. टेरेन्स फिशरचं दिग्दर्शन, ड्रॅक्युला ख्रिस्तोफर ली, त्याच्या मागावर असलेला व्हॅन हेल्सिंग पीटर कुशिंग. अमेरिकेत तो 'हॉरर ऑफ ड्रॅक्युला' या नावाने लागला होता. वेगवान आहे, दीड तासाच्या आत संपतो. शेवटी कुशिंग लांब टेबलावरून धावत जाऊन पडदे खेचतो आणि ऊन आत येतं, ते दृश्य बघून पोरींनी टाळ्या वाजवल्या.

मग १९३१. त्या वर्षी हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीने एकाच सेटवर दोन ड्रॅक्युला काढले. दिवसा टॉड ब्राउनिंग बेला लुगोसीला घेऊन इंग्रजी सिनेमा करायचा आणि रात्री जॉर्ज मेलफोर्ड दुसऱ्या नटांना घेऊन तोच स्पॅनिशमध्ये. बोलपट नुकते आले होते, डबिंगची सोय अजून बसली नव्हती, म्हणून परदेशी प्रेक्षकांसाठी सिनेमा पुन्हा करणं हाच मार्ग होता. स्पॅनिश सिनेमा जवळपास अर्धा तास लांब आहे, कॅमेरा जास्त फिरतो आणि नायिका लुपिता तोवार इंग्रजीतल्या नायिकेपेक्षा कितीतरी जिवंत वाटते. लुगोसीसारखा ड्रॅक्युला मात्र त्यात नाही. वेळ एकाचाच असेल तर मी स्पॅनिश घ्यायला सांगेन. लुगोसीचे तुकडे तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलेच असतात.

इंग्रजी बघितलात तर एक लक्षात ठेवा: सुरुवातीच्या नावांवर 'स्वान लेक'चं संगीत वाजतं आणि त्यानंतर जवळजवळ पार्श्वसंगीत नाहीच. आवाज गेला म्हणून टीव्हीशी खटपट करू नका. त्या शांततेत लुगोसीचं सावकाश बोलणं वेगळंच ऐकू येतं.

आता 'नोस्फेरातू', नीट

इतकं झाल्यावर आम्ही परत १९२२ कडे आलो. या वेळी प्रत निवडायला मी दोन संध्याकाळी दिल्या.

त्या काळी रात्रीची दृश्यं दिवसाच चित्रित करत आणि मग फिल्मला रंगछटा देत: रात्रीला निळी, दिवसाला किंवा दिव्याच्या उजेडाला पिवळी, पहाटेला गुलाबीसर. ती छटा नसलेली काळीपांढरी प्रत लावली की ऑर्लोक उन्हात फिरताना दिसतो आणि उन्हाने मरतो हा शेवट निरर्थक होतो. मूकपट आजच्यापेक्षा कमी वेगाने चालवायचे असत. आजच्या वेगाने लावला की माणसं पळतात. आमच्या पहिल्या संध्याकाळी हे दोन्ही झालं होतं. म्हणून छटा दिलेली, साधारण दीड तासाची दुरुस्त प्रत घ्या. तासाभरात संपणारी दिसली तर सोडून द्या. तिसरी तपासणी संगीताची. मूळ संगीत हान्स एर्डमानचं होतं. त्याच्या आधाराने बांधलेलं संगीत असेल तर उत्तम, नसेल तर निदान नंतर कुणी चिकटवलेलं ढोल-गिटार नको. सिनेमा आता कुणाच्या मालकीचा राहिलेला नाही, इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आणि कायदेशीर मिळतो, पण तिथेही प्रती अनेक आहेत.

हा सिनेमा आपल्यापर्यंत पोहोचला हेच नवल. दिग्दर्शक मूर्नाउने तो स्टोकरच्या कादंबरीवरून, परवानगी न घेता केला. नावं बदलली, ड्रॅक्युलाचा ऑर्लोक झाला, पण गोष्ट तीच राहिली. स्टोकरची विधवा फ्लोरेन्स कोर्टात गेली आणि १९२५ साली निकाल लागला की सगळ्या प्रती नष्ट कराव्यात. काही प्रती वाचल्या, म्हणून आज आपण बघतो. ज्या प्राना कंपनीने तो काढला तिचा तो पहिला आणि शेवटचा सिनेमा ठरला.

आणि वहीसाठी सर्वांत मोठी नोंद इथेच आहे. ऊन लागलं की व्हॅम्पायर संपतो हा नियम स्टोकरकडून आलेला नाही, तो या सिनेमाने घातला. नायिका एलेन त्याला कोंबडा आरवेपर्यंत आपल्या खोलीत अडकवून ठेवते, पहाटेचं ऊन येतं आणि तो धुरासारखा विरून जातो. १९५८ मध्ये कुशिंगने खेचलेले पडदे, पुढच्या शेकडो सिनेमांतल्या शवपेट्या, सगळं इथून निघतं. भाचीने वहीची मागची पानं उलटून आधीच्या सिनेमांसमोर बाण काढले.

माक्स श्रेकचा ऑर्लोक देखणा नाही. टक्कल, उंदरासारखे पुढचे दात, लांब नखं. जहाजावर तो शवपेटीतून एखाद्या फळीसारखा सरळ उभा होतो. शंभर वर्षांपूर्वीचं ते दृश्य अंधाऱ्या खोलीत, योग्य वेगाने बघा. या वेळी कुणी हसलं नाही.

याच गोष्टीवर वेर्नर हेर्झोगने १९७९ मध्ये पुन्हा सिनेमा केला, क्लाउस किन्स्कीला घेऊन. तो थकलेला आणि दुःखी व्हॅम्पायर आहे. दोन्हींच्या मध्ये निदान एक महिना जाऊ द्या.

पाचवी पायरी: ड्रॅक्युला परदेशी जातो

इथून यादी मोकळी होते, हवा तो घ्या. माझा कल आधी आपल्या जवळच्या देशांकडे असतो.

१९५३ चा तुर्की 'ड्रॅक्युला इस्तंबूलमध्ये' बघताना व्हॅम्पायरला पळवून लावणारा क्रूस शोधा, सापडणार नाही. मुसलमान समाजात गोष्ट घडते, त्यामुळे क्रूस गेला आणि सगळा भार लसणावर आला. लाहोरमध्ये १९६७ साली निघालेला 'जिंदा लाश' उर्दूत आहे, म्हणजे आपल्याला सबटायटल्सशिवाय कळतो. त्यात शाप वगैरे काही नाही, एक प्राध्यापक अमर होण्यासाठी स्वतः तयार केलेलं रसायन पितो आणि व्हॅम्पायर होतो. हॅमरच्या सिनेमाची छाप स्पष्ट आहे, मधे नाच-गाणीही आहेत, पण काळापांढरा छायाप्रकाश मन लावून केलेला आहे. हा जोडीने बघायचा असेल तर रामसे बंधूंचा १९९० चा 'बंद दरवाजा' घ्या. मेक्सिकोचा १९५७ चा 'एल व्हॅम्पिरो'ही छान आहे. पडक्या हवेलीत जाळी आणि धुकं, आणि हेरमान रोब्लेसचे लांब सुळे.

घरात लहान-मोठे सगळे बसणार असतील तर हाँगकाँगचा 'मिस्टर व्हॅम्पायर' (१९८५). तिथलं प्रेत ताठ झालेलं असतं म्हणून चालत नाही, दोन्ही हात पुढे करून उड्या मारतं. श्वास रोखला तर त्याला तुम्ही दिसत नाही. कपाळावर मंत्राचा पिवळा कागद चिकटवला की थांबतं. आणि विष उतरवायला लागतो तो चिकट तांदूळ. दुकानदार त्यात साधा तांदूळ मिसळतो आणि त्या भेसळीने पुढचा अनर्थ होतो! माझ्या आईला हा सिनेमा फार आवडला.

सहावी पायरी: सुळे नसलेले

हे भित्र्यांसाठी नाहीत आणि घाईतल्यांसाठीही नाहीत. जॉर्ज रोमेरोच्या 'मार्टिन' (१९७७) मधल्या तरुणाला सुळे नाहीत, तो इंजेक्शन आणि ब्लेड वापरतो. घरातला म्हातारा नातेवाईक त्याला नोस्फेरातू म्हणून हाक मारतो, दाराला लसूण बांधतो. मार्टिन तो लसूण चावून दाखवतो. तो खरंच व्हॅम्पायर आहे की आजारी, हे सिनेमा ठरवू देत नाही. गाव अमेरिकेतलं ब्रॅडॉक, पोलादाचे कारखाने बंद पडत चाललेलं. सुरुवातीचंच आगगाडीतलं दृश्य क्रूर आहे, कुणाबरोबर बघताय याचा विचार करून लावा.

गियेर्मो देल तोरोचा पहिला मोठा सिनेमा 'क्रोनोस' (१९९३) हा माझा लाडका. जुन्या वस्तूंच्या दुकानात बसणाऱ्या एका आजोबांना किड्याच्या आकाराचं सोन्याचं यंत्र सापडतं. ते हाताला चावतं आणि आजोबा तरुण होऊ लागतात. पार्टीत कुणाच्या तरी नाकातून रक्त येतं, एक थेंब बाथरूमच्या पांढऱ्या फरशीवर पडतो आणि हा सभ्य माणूस वाकून तो चाटतो. पण सिनेमा खरा त्यांच्या नातीचा आहे. ती जवळजवळ काही बोलत नाही. आजोबांना उजेड सोसेनासा झाल्यावर ती त्यांना आपल्या खेळण्यांच्या पेटीत झोपवते. आजी-आजोबांच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे बघवणार नाही आणि तरी बघावंसं वाटेल.

कॅथरिन बिगेलोचा 'निअर डार्क' (१९८७) यांच्यामध्ये ठेवा. त्यात व्हॅम्पायर हा शब्द एकदाही येत नाही. मोटेलच्या भिंतीला गोळ्यांनी भोकं पडतात आणि प्रत्येक भोकातून आलेली उन्हाची तिरीप गोळीपेक्षा घातक ठरते. १९२२ चा नियम इतक्या हुशारीने कुणी वापरलेला मला दुसरा आठवत नाही. बिल गनचा 'गांजा अँड हेस' (१९७३) शोधत असाल तर सावध राहा. तो कापून 'ब्लड कपल' वगैरे नावांनी विकला गेला होता. मूळ लांब सिनेमा आणि तो तुकडा यांचा काही संबंध उरलेला नाही.

सातवी पायरी: बाहेरून आलेली हाक

मारिओ बावाच्या 'ब्लॅक सॅबथ' (१९६३) मध्ये तीन गोष्टी आहेत. त्यातली 'वुर्दुलाक' ही रशियन लेखक ए. के. टॉल्स्टॉयच्या कथेवरची. म्हातारा बाप घर सोडताना बजावतो की पाच दिवसांनंतर आलो तर मला आत घेऊ नका. तो नेमका पाचवा दिवस सरताना येतो. बापाच्या भूमिकेत बोरिस कार्लोफ आहे आणि दारात सगळं घर उभं. वुर्दुलाक म्हणजे व्हॅम्पायरच, आणि त्याचा नियम असा की त्याला सगळ्यांत जास्त प्रेमाच्या माणसांचंच रक्त लागतं. पुढे मरण पावलेला लहान मुलगा रात्री दाराबाहेर येऊन रडतो, आईला हाक मारतो, थंडी वाजते म्हणतो. आई काय करते ते बघा. मला आजीची तिसरी हाक आठवली आणि रात्री जिन्यातला दिवा चालूच ठेवला. इटालियन प्रत घ्या. अमेरिकन प्रतीत गोष्टींचा क्रम आणि संगीत बदललेलं आहे.

शेवटी 'व्हॅम्पायर', १९३२

कार्ल ड्रायरचा हा सिनेमा पहिल्या दिवशी बघू नका. सव्वा तासाचाच आहे, पण त्यात गोष्ट हातात धरून ठेवता येत नाही. बर्लिनला पहिल्या खेळाला लोकांनी हुर्यो केली होती. प्रमुख भूमिकेतला तरुण नट नव्हताच, सिनेमाला पैसे पुरवणारा तोच होता आणि पडद्यावर त्याने दुसरं नाव लावलं. सगळं चित्र पातळ मलमलीच्या मागून बघितल्यासारखं धूसर आहे, ते प्रत खराब असल्यामुळे नाही. सावल्या माणसांना सोडून स्वतःच कामं करतात. आणि नायक शवपेटीत पडलेला असताना झाकणाला काचेची खिडकी आहे, त्या खिडकीतून आपण त्याच्या डोळ्यांनी बघतो: मेणबत्तीचं मेण वर टपकतं, एक म्हातारी वाकून आत बघते, मग झाडं आणि देवळाचा कळस वरून सरकत जातात.

भाचीने त्या रात्री नियमांचं पान भरायचा प्रयत्न केला आणि निम्म्यावर सोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघींनीच पुन्हा लावला. तुम्हीही तसंच करा: पहिल्या वेळी वही बाजूला ठेवा, गोष्ट समजली नाही तरी थांबवून मागे जाऊ नका. दुसऱ्यांदा बघताना फक्त दारं मोजा, कोण उघडतं आणि कोणतं दार उघडायला कुणीच नसतं.